पान्याची शिक्षा

न्यायाधीशांनी तीन वर्षं म्हटलं तेव्हा ड्रायव्हरबाईला वाटलं, आपण चुकून भलत्याच खटल्याला येऊन बसलो आहोत. तिने मान उंच करून बघितलं. पण कठड्यात उभा होता तो तिचाच मुलगा होता, त्याच्या अंगात सकाळी तिनेच इस्त्री केलेला निळा शर्ट होता. शेजारी बसलेला तिचा थोरला भाऊ बऱ्या कानामागे हात धरून विचारत होता, "काय म्हणाले? तीन महिने?"

"वर्षं, दादा. तीन वर्षं."

शहरात तिला सगळे ड्रायव्हरबाईच म्हणत. बंदरापासून टेकडीपर्यंत जाणारी पहाटेची पहिली बस तिची. ती बस वेळेवर सुटली की टेकडीवरच्या घरांतला चहा वेळेवर व्हायचा, कारण तो करणारे हात त्याच बसने जायचे. बाई अंगाने थोराड, आवाजाने त्याहून थोराड. दार धरून लटकणाऱ्या कॉलेजच्या पोरांना ती आरशातून नुसतं बघायची आणि पोरं आत सरकायची.

ती बंदराकडची. गोदीत कोळसा वाहायला समुद्रापलीकडून माणसं आणली होती, त्यांत तिचे आजी-आजोबा होते. कोळसा कधीच बंद झाला, गोदीत आता यंत्रं माल उचलतात, पण त्या माणसांच्या नातवंडांचा काळा रंग आणि कुरळे केस बघून शहर अजून त्यांना वेगळं काढतं. दुकानात शिरलं की दुकानदार मागोमाग फिरतो. भाड्याची खोली विचारायला जावं तर ती नेमकी कालच गेलेली असते. ड्रायव्हरबाईने या गोष्टींचं रडगाणं कधी गायलं नाही. समोरच्याच्या नजरेला नजर देऊन ती आपलं काम करून घ्यायची आणि पुढे जायची. नवरा गोदीतल्या अपघातात गेला तेव्हा मुलगा नुकता चालायला लागला होता. तेव्हा दादा आधाराला म्हणून राहायला आला, तो परत गेलाच नाही. स्वयंपाक, पोराचा अभ्यास, पोराचे कान पिळणं ही सगळी खाती त्याच्याकडे.

मुलाला सगळे पाना म्हणत. गॅरेजात कामाला लागल्यापासून त्याच्या खिशात कायम एक पाना असायचा, तेच नाव पडलं. सुट्टीच्या दिवशी तो फुटबॉल खेळायचा. त्याच संघात टेकडीवरच्या डॉक्टरांचा मुलगाही होता. दोघं एका वयाचे, दोघांची मैदानावरची जोडी चांगली, आणि मैदानाबाहेरही दोघं एकमेकांना सोडत नसत.

झालं ते असं. सामना जिंकल्याच्या आनंदात दोघं मैदानामागच्या गल्लीतून निघाले होते. तिथे बेकरीची व्हॅन उभी होती आणि किल्ली आतच होती. डॉक्टरांचा मुलगा चालवायला बसला आणि म्हणाला, "चल, एक चक्कर मारून परत आणून लावू." पाना शेजारी बसला. बसायला नको होतं, पण बसला. बाजाराच्या वळणावर व्हॅन आवरली नाही आणि फळांच्या हातगाडीवर गेली. हातगाडीचा चुराडा झाला आणि फळवाल्या काकांचा पाय मोडला. दोघांपैकी पळून कोणी गेलं नाही. पान्याने काकांचं डोकं मांडीवर घेतलं, डॉक्टरांच्या मुलाने फोन करून रुग्णवाहिका बोलावली. पोलिसांना दोघांनी जे घडलं ते सांगितलं, कोण चालवत होतं तेही. त्याबद्दल पुढे कधी वाद झालाच नाही.

डॉक्टरांच्या वकिलाने अर्ज करून दोघांचे खटले वेगळे करून घेतले. त्यांच्या मुलाचा आधी उभा राहिला. त्याला तुरुंग नाही. वर्षभर देखरेख आणि सुट्टीच्या दिवशी वाचनालयात सेवा. चांगलं घर आहे, पुढे उज्ज्वल भविष्य आहे, असं न्यायाधीश म्हणाले. हे ऐकून ड्रायव्हरबाईचा जीव भांड्यात पडला होता. चालवणाऱ्याला एवढंच, तर शेजारी बसणाऱ्याला त्याहून जास्त कशाला होईल? तिने डेपोत सांगूनही ठेवलं होतं की दुपारच्या पाळीला मी येते.

न्यायाधीश तेच होते. त्यांनी पान्याच्या वेळी चौकशी अधिकाऱ्याचा, म्हणजे शिक्षेआधी आरोपीच्या घरची माहिती काढणाऱ्याचा, अहवाल वाचून दाखवला. घरात वडीलधारं माणूस नाही. आई वेळीअवेळी बाहेर. परिसर गुन्हेगारीचा. मुलगा पुन्हा गुन्हा करण्याची शक्यता मोठी. अशा वस्तीत कायद्याचा धाक राहायला हवा, असं स्वतःचं एक वाक्य त्यांनी शेवटी जोडलं.

बाहेर जिन्यात दादा थांबला. "वडीलधारं माणूस नाही म्हणजे? मग मी काय खुंटीवरचा कोट आहे?"

ड्रायव्हरबाई रडली नाही. तिला राग आला होता, पण त्या रागात तिचं डोकं स्वच्छ होतं. शिक्षा झाली म्हणून ती चिडली नव्हती. पोराने चूक केली होती आणि चुकीला शिक्षा असते हे तिने त्याला स्वतःच शिकवलं होतं. पण एकाच चुकीला दोन मापं लावली होती आणि ती सगळ्यांसमोर, मोठ्या आवाजात वाचून लावली होती. हे चुकलंय आणि ते दुरुस्त करता येईल, याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

पहिली ती गेली फळवाल्या काकांकडे. इस्पितळात त्यांचा पाय वर टांगलेला होता आणि तोंड मात्र शाबूत होतं.

"माफी मागायला आली असशील तर बस. मुलाला सोडवा म्हणून सांगायला आली असशील तर दार तिकडे आहे."

"माफी तो स्वतः मागेल," ती म्हणाली. "मी तुमचा पाय बघायला आले. आणि एक विचारायचं होतं. त्या दुसऱ्या मुलाला काय झालं ते कळलं का?"

काकांना कळलं नव्हतं. तिने सांगितलं. काकाही बंदराकडचेच; त्यांना फार समजावून सांगावं लागलं नाही.

"त्या डॉक्टरीणबाईंनी फुलं पाठवली होती," ते म्हणाले. "सोबत चिठ्ठी, लवकर बरे व्हा. मला वाटलं, बरे लोक आहेत. आता पाय माझा एकच मोडला, आणि मोडला दोघांनी मिळून. मग भरायचं एकट्याने का? त्यातून तुझा तर चालवतही नव्हता."

"हेच मी वरच्या कोर्टात सांगणार आहे."

"मला विचारलं तर मी दोघांनाही माझ्या गाडीला जुंपीन. सहा महिने गाडी ओढा, वजनकाटा धरा, बायकांची घासाघीस ऐका. तुरुंगात जाऊन माझ्या पायाला काय होणार आहे?"

"हे लिहून द्याल?"

"लिहून कशाला? मी येतो की."

पहिल्या वेळी कोर्टाने दिलेला वकील पान्याला थेट खटल्याच्या दिवशी, जिन्यात भेटला होता. या वेळी ड्रायव्हरबाईने नीट शोध घेतला. चपलांच्या दुकानावर, वरच्या मजल्यावर गरिबांचे खटले फुकट लढणारं एक छोटं कार्यालय होतं. तिथली वकीलबाई वयाने लहान, टेकडीवरच वाढलेली, पण कामाला वाघीण. तिने सगळे कागद वाचले, दोन्ही निकाल शेजारी-शेजारी ठेवले आणि म्हणाली, "मावशी, यात दम आहे."

मग तिने आपण काय मांडणार ते सांगितलं. मुलगा कष्टाळू आहे, निर्व्यसनी आहे, मालकाचं पत्र आहे. "आणि मी म्हणेन, हा मुलगा त्या वस्तीतला असला तरी त्या वस्तीतल्या इतरांसारखा नाही. तो अपवाद आहे. कोर्टाला हे पटतं."

ड्रायव्हरबाईने चहाचा कप खाली ठेवला.

"हे म्हणायचं नाही."

"का? त्याच्या फायद्याचंच आहे."

"तो इतरांसारखाच आहे. शेजारचा मुलगा बोटीवर कामाला आहे. वरच्या मजल्यावरची मुलगी नर्स होतेय. समोरचा नुसता झोपा काढतो, पण कोणाच्या अध्यात ना मध्यात. माझा मुलगा अपवाद म्हणून सुटला, तर बाकीच्यांबद्दल जे लिहिलंय ते खरं, असं मीच सही करून दिल्यासारखं होईल. उद्या त्या झोपाळूचा खटला आला की त्याला कोण वाचवणार?"

वकीलबाईचे कान लाल झाले होते. "मी तसा विचार केला नव्हता," ती म्हणाली.

"आता कर. तू हुशार आहेस, जमेल तुला." रागाच्या भरात अहो-जाहो कधी गळून पडलं हे दोघींच्याही लक्षात आलं नाही.

वकीलबाईने खरंच विचार केला. बराच वेळ पेन्सिल चावून झाल्यावर ती म्हणाली, "मग सरळ जाऊ. गुन्हा एक, वय एक, आधीची नोंद दोघांचीही कोरी. फरक फक्त पत्त्याचा आणि रंगाचा. त्यासाठी मला एक हवंय. तो अहवाल कसा लिहिला गेला ते."

"ते मी बघते," ड्रायव्हरबाई म्हणाली.

पाळी संपल्यावर ती गणवेशातच चौकशी अधिकाऱ्याच्या कचेरीत गेली. अधिकारी म्हणजे कोणी राक्षस असेल असं तिला वाटलं होतं. होता एक सर्दी झालेला, थकलेला माणूस. टेबलावर फायलींचा ढीग आणि ढिगावर डबा.

"साहेब, तुम्ही माझ्या घरी कधी आला होता?"

त्याने फाईल शोधली, चाळली. "प्रत्येक घरी जाणं जमत नाही, बाई. काम किती आहे बघा."

"डॉक्टरांच्या घरी गेला होता."

त्याने नाक पुसलं. "त्यांनी बोलावलं होतं."

"मग मीही बोलावते. उद्या या. माझ्याच बसने या, दारात उतरवते."

"तुमच्या मुलाचा निकाल लागलाय. आता येऊन काय उपयोग?"

"तुमच्या दृष्टीने लागलाय. आम्ही वर जातोय. या, आणि दिसेल तेवढंच लिहा. आमचं कौतुक नकोय."

तो आला. का आला ते त्यालाही नीट सांगता आलं नसतं. कदाचित त्या बाईला नाही म्हणणं सोपं नव्हतं म्हणून. सुतळी-दोरखंडाच्या दुकानावरच्या दोन खोल्या त्याने बघितल्या. कोपऱ्यात शेजाऱ्यांचं दुरुस्तीला आलेलं कपडे धुण्याचं यंत्र अर्धवट उघडलेलं होतं, पाना आत गेल्यापासून तसंच पडलेलं. दादाने चहा ठेवला आणि पाहुण्याच्या अगदी समोर खुर्ची ओढून बसला.

"मी दिसतोय ना तुम्हाला? नीट बघून घ्या. मागच्या वेळी राहून गेलो होतो."

अधिकाऱ्याला हसू आलं. मग ते ओसरलं. त्याने दादाला विचारलं, तुम्ही इथे कधीपासून? दादा बोलायला लागला की लवकर थांबत नसे. पान्याच्या गोवरापासून ते पहिल्या पगारापर्यंत सगळं त्याने ऐकवलं. पाना एकदा उशिरा आला, तेव्हा आपण कसं दाराला कडी लावून त्याला जिन्यात झोपवलं, हेही सांगितलं.

"अहवालात हे काहीच नव्हतं," ड्रायव्हरबाई म्हणाली. "मग जे होतं ते कुठून आलं?"

अधिकारी कपाकडे बघत बोलला. "वाक्यं तयार असतात, बाई. बंदराकडचा पत्ता असला की ही चार वाक्यं टाकायची. माझ्या आधीचे साहेब तीच टाकायचे."

"आणि टेकडीचा पत्ता असला की?"

"त्यांचीही असतात," तो हळू आवाजात म्हणाला. "भक्कम कुटुंब. उज्ज्वल भविष्य."

खालच्या दुकानात कोणीतरी दोरखंडाचं भेंडोळं दाणकन टाकलं.

"हे कोर्टात सांगाल?" तिने विचारलं.

"माझी नोकरी आहे हो."

"माझा मुलगा आहे," ती म्हणाली. आवाज चढवून नाही; दुधाचा भाव सांगावा तशी. मग बस येईपर्यंत ती त्याच्यासोबत थांब्यावर उभी राहिली.

त्याच आठवड्यात वकीलबाईचा फोन आला. साहेब कार्यालयात येऊन गेले होते आणि शपथेवर सगळं लिहून देऊन गेले होते. घरी गेलो नव्हतो, वाक्यं तयार होती, दोन्ही अहवाल मीच लिहिले. "मी त्यांना विचारलं, का देताय?" वकीलबाई सांगत होती. "तर म्हणाले, मला आजवर कोणी विचारलंच नव्हतं."

तुरुंगात भेटीच्या वेळी तिने हे पान्याला सांगितलं. तो वाळला होता. काचेपलीकडून म्हणाला, "आई, मुळात मी त्या व्हॅनमध्ये बसायलाच नको होतं."

"नव्हतंच बसायचं. त्याबद्दल तुझे कान मी घरी उपटणार आहे. आधी घरी तर ये."

तो हसला. कित्येक आठवड्यांनी ती त्याचे दात बघत होती.

अपिलाची तारीख यायला हिवाळा उजाडला. वरच्या कोर्टात तीन न्यायाधीश बसले होते. ड्रायव्हरबाईने भाषण तयार केलं होतं. रिकाम्या बसमध्ये, डेपोत परत नेताना, मोठ्याने म्हणून ते पाठही केलं होतं. ती उभी राहिली तेव्हा मधल्या खुर्चीतल्या न्यायाधीशबाई शांतपणे म्हणाल्या, "इथे फक्त वकील बोलतात. बसा." ती बसली. दादा कुजबुजला, "एवढं पाठ केलंस." ती म्हणाली, "पोरीला बोलू दे. तिला जास्त येतं." फळवाले काका कुबड्या बाकाला टेकवून मागे बसले होते. त्यांनाही कोणी बोलू दिलं नाही, पण त्यांचं म्हणणं वकीलबाईने लिहून घेतलं होतं आणि गाडीला जुंपण्याची गोष्ट वाचली गेली तेव्हा न्यायाधीशबाईंनी चष्मा काढून पुसला.

वकीलबाई चांगली बोलली. कुठे रडवलं नाही, कुठे हात जोडले नाहीत. दोन अहवाल, दोन निकाल आणि मग अधिकाऱ्याचं शपथपत्र.

उजवीकडच्या न्यायाधीशांनी भुवया चढवल्या. "खालच्या न्यायाधीशांच्या मनात वर्णद्वेष होता, असं तुमचं म्हणणं आहे का?"

"त्यांच्या मनात काय होतं ते मला माहीत नाही, साहेब. मी फक्त त्यांनी लिहिलेलं वाचतेय."

"मग न्याय सारखा व्हावा म्हणून त्या दुसऱ्या मुलाची शिक्षा वाढवावी का?"

"नाही. त्याची शिक्षा बरोबर आहे. पहिल्या गुन्ह्याला, चूक कबूल करणाऱ्या तरुण मुलाला तीच योग्य. आमचं म्हणणं इतकंच, की माझा अशीलही पहिल्याच गुन्ह्याचा, चूक कबूल करणारा तरुण मुलगा आहे. आणि मला आणखी एक सांगायचंय. तो त्याच्या वस्तीत अपवाद आहे असं मी म्हणणार नाही. ते मला सिद्ध करावं लागता कामा नये."

ड्रायव्हरबाईने दादाचा हात इतका घट्ट दाबला की त्याने ओरडू नये म्हणून ओठ चावला.

निकाल एकमताने लागला नाही. उजवीकडच्या न्यायाधीशांचं मत पडलं की शिक्षा कायद्याच्या चौकटीत आहे, हात लावायचं कारण नाही. पण बाकी दोघांनी तुरुंगवास रद्द केला आणि डॉक्टरांच्या मुलाला होती तेवढीच शिक्षा पान्याला दिली. घरी न जाता लिहिलेल्या अहवालावरून यापुढे कोणाला शिक्षा सुनावू नये, असंही त्यांनी लिहिलं. आईच्या कामाच्या वेळा किंवा घराचा पत्ता पुढे करून शिक्षा वाढवता येणार नाही, हे वाक्य न्यायाधीशबाईंनी सावकाश वाचलं. दादाला ते पहिल्या झटक्यात ऐकू आलं.

पाना घरी आला तो बदलून. रात्री दिवा चालू ठेवूनच झोपायचा. गॅरेजच्या मालकाने परत कामावर घेतलं, सुट्टीच्या दिवशी तो काकांच्या नव्या गाडीवर उभा राहायला लागला, कारण कोर्टाने सेवा म्हणून वाचनालयाऐवजी तेच ठरवून दिलं होतं. काका त्याला दिवसभर फैलावर घ्यायचे आणि संध्याकाळी पिशवीभर फळं बांधून द्यायचे. मैदानाकडे मात्र तो फिरकला नाही.

एक दिवस डॉक्टरांचा मुलगा जिन्याखाली येऊन उभा राहिला. पाना खिडकीतून बघून आत वळला. ड्रायव्हरबाईच खाली गेली. घरच्यांनी भेटायला जाऊ दिलं नाही, एवढंच तो पुटपुटला.

"तू सज्ञान आहेस," ती म्हणाली. "घरचे नाही म्हणाले तरी तुला पाय होते. आज तो भेटणार नाही. काकांच्या गाडीपाशी असतो सुट्टीला. तिथे ये, रिकाम्या हाताने उभा राहू नकोस, पेट्या उचलायला लाग. बोलायचं की नाही ते तो ठरवेल."

वर आल्यावर पाना म्हणाला, "त्याच्याशी एवढं गोड कशाला बोललीस? मी आत होतो तेव्हा तो मोकळा फिरत होता."

"मी गोड बोलले? जिन्यात विचार सगळ्यांना." ती त्याच्यासमोर बसली. "त्यालाही आत टाकलं असतं, तर तुझे ते दिवस परत मिळाले असते का?"

"नाही."

"मग राग कर, पण नीट कर. ज्याने दोन मापं लावली त्याच्यावर कर. याच्यावर एवढाच कर, की हा आला नाही."

पाना उठला आणि कोपऱ्यातल्या त्या उघड्या यंत्रापाशी जाऊन बसला. थोड्या वेळाने त्याने मामाला बॅटरी धरायला हाक मारली.

दुसऱ्या दिवशी पहाटे बंदराच्या थांब्यावर एक बाई चढली आणि तिकीट काढून झाल्यावरही ड्रायव्हरच्या मागेच उभी राहिली. ओळखीची नव्हती. तिच्या धाकट्या भावाला दोन वर्षांची शिक्षा झाली होती. दुकानातून बूट उचलले म्हणून. अहवालात काय लिहिलं होतं ते तिने सांगितलं. पहिल्या वाक्यानंतर ड्रायव्हरबाईने पुढची तीन स्वतःच म्हणून दाखवली.

"तुम्हाला कसं माहीत?" बाईने विचारलं.

"मला पाठ आहेत." तिने आरशात बघितलं, दारं बंद केली आणि बस काढली. "गुरुवारी माझी दुपार मोकळी असते. कागद घेऊन ये. चपलांच्या दुकानावर जायचंय, जिना अंधारा आहे, सांभाळून चढायचं. आणि तिथे गेल्यावर भाऊ इतरांसारखा नाही वगैरे काही बोलायचं नाही. का ते जाताना सांगते."